योसेफाच्या हातातली मेणबत्ती

फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या कलासंग्रहालयात येशूजन्माचे एक चित्र आहे. चित्रकार फ्लेमिश, रॉबर्ट कँपिन. काळ सुमारे १४२५. गोठा पार मोडकळीला आलेला. जमिनीवर उघडे बाळ, त्याच्यापुढे गुडघे टेकलेली मरिया आणि शेजारी म्हातारा योसेफ. योसेफाच्या हातात पेटती मेणबत्ती आहे. ज्योत विझू नये म्हणून त्याने दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे. आणि मागे डोंगरावर सूर्य वर आलेला आहे. वाट, झाडे, लांबचे गाव, सगळे लख्ख दिसते आहे. एवढ्या उजेडात हा म्हातारा ती मेणबत्ती कशाला सांभाळतो आहे?

कँपिनच्या काळातल्या माणसाला याचे उत्तर ठाऊक असावे. स्वीडनची संत ब्रिजिट ही आठ मुलांची आई. नवऱ्यामागे संन्यस्त जीवनाकडे वळलेली. १३७२ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, ती बेथलेहेमला गेली. तिथे तिला येशूजन्माचे दर्शन घडले आणि ते लिहून ठेवले गेले. तिच्या सांगण्यानुसार योसेफाने गुहेत एक पेटती मेणबत्ती आणली, भिंतीला लावली आणि तो बाहेर गेला. क्षणार्धात बाळ जन्मले. त्याच्या अंगातून असा प्रकाश निघाला की सूर्याचीही त्याच्याशी तुलना होईना, आणि भिंतीवरची मेणबत्ती पेटलेली असूनही तिचा उजेड पडेना. हे दर्शन युरोपभर पसरले, चित्रकारांनी उचलले, आणि भिंतीवरची मेणबत्ती योसेफाच्या हातात आली. पुढे सुमारे १४९० साली गेर्टगेन तोत सिंट यान्स या डच चित्रकाराने तोच प्रसंग भर रात्रीचा रंगवला. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले ते चित्र वहीच्या पानापेक्षा फारसे मोठे नाही. त्यात गव्हाणीतल्या बाळाकडून उजेड वर येतो आणि वाकलेल्या चेहऱ्यांवर खालून पडतो. मागे टेकडीवर मेंढपाळांची शेकोटी आहे, आकाशात देवदूतही आहे. पण नजर खालीच खेचली जाते.

मराठी वाचकाला नाताळची रोषणाई परकी नाही. वसईच्या वाड्यांत, वांद्र्याच्या गल्ल्यांत, पुण्याच्या कॅम्पात, नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या लहानशा चर्चवर ती दर वर्षी दिसते. तिचा अर्थ विचारला तर बहुधा एकच वाक्य मिळते: येशू जगाचा प्रकाश आहे. वाक्य खरे आहे, पण वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहे की त्याला हात लावला तरी तो घसरतो. या संग्रहातले लेख ते वाक्य वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा खरखरीत करू पाहतात. प्रस्तावना लिहिताना माझे लक्ष मात्र योसेफाच्या मेणबत्तीवरून हलले नाही. नाताळात आपण लावतो ते दिवे अंधार घालवण्यासाठी नाहीत, असे ख्रिस्ती परंपरा फार जुन्या काळापासून आडून आडून सांगत आली आहे. प्रकाश आलेला आहे, तो आपण आणलेला नाही. आपला दिवा ही त्याची साक्ष, इतकेच. हे ‘इतकेच’ ऐकायला किरकोळ वाटते. त्यावरून परंपरेत जी भांडणे झाली ती किरकोळ नव्हती.

आधी मूळ ग्रंथ पाहू. चार शुभवर्तमानांपैकी मार्कला जन्मकथेत रस नाही. त्याचा येशू थेट तरुण वयातच समोर येतो. लूक सांगतो ती रात्र सगळ्यांच्या ओळखीची आहे: रानात कळप राखणारे मेंढपाळ, अचानक त्यांच्याभोवती पसरलेले तेज, त्यांची उडालेली गाळण. पण लूक काळजीपूर्वक वाचला तर ध्यानात येते की तेज सगळे रानात आहे. गोठ्यात नाही. मेंढपाळांना जी खूण सांगितली जाते ती प्रकाशाची नसून कपड्यात गुंडाळलेल्या, गव्हाणीत निजलेल्या बाळाची आहे. ते गावात पोचतात तेव्हा त्यांना तेवढेच दिसते. मत्तयाच्या कथेत मेंढपाळ नाहीत. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत आणि त्यांना वाट दाखवणारा तारा आहे. तिथेही तेजाची वस्तू घराबाहेर, आकाशात. बाळाच्या अंगातून प्रकाश निघाला असे दोघांपैकी कुणीही म्हणत नाही. ते पहिल्यांदा सुचवले दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथाने, जो बायबलमध्ये घेतला गेला नाही. याकोबाच्या नावावर असलेल्या त्या कथेत गुहेत डोळ्यांना सोसवणार नाही असा उजेड होतो, तो हळूहळू ओसरतो आणि मग बाळ दिसू लागते. ब्रिजिटच्या दर्शनामागे अशा जुन्या कथांची ओल आहेच.

उरला योहान. त्याच्याकडे बेथलेहेम नाही, गव्हाण नाही, तारा नाही, मरियेचे नावही नाही. त्याने जन्माची सगळी गोष्ट गाळली आणि फक्त प्रकाश ठेवला. सृष्टीच्या आधी असलेला शब्द, त्यात असलेले जीवन, ते जीवन म्हणजेच माणसांचा प्रकाश, आणि तो प्रकाश अंधारात अजून प्रकाशतो आहे, अशी त्याची मांडणी. अंधार नाहीसा झाला, असे योहान म्हणत नाही. अंधाराला प्रकाशावर मात करता आली नाही, एवढाच त्याचा दावा आहे. ख्रिसमसच्या शुभेच्छापत्रांवर हा फरक पुसला जातो, कारण शुभेच्छापत्राला अंधार नको असतो.

कॅथलिक परंपरेत नाताळला तीन वेगवेगळ्या मिस्सा आहेत: रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. रात्रीच्या मिस्सेत लूकचे शुभवर्तमान वाचतात, पहाटेच्या मिस्सेत मेंढपाळ गोठ्यापाशी पोचतात आणि दिवसाच्या मिस्सेत योहान. मला ही योजना फार हुशार वाटते. काळोख असताना गोष्ट सांगायची. उजाडले, सूर्य वर आला, दिव्यांची गरज संपली की मग प्रकाशाबद्दल बोलायचे. आपल्याकडे बहुतेक माणसे रात्रीच्या मिस्सेलाच जातात (मुंबईत तर ध्वनिक्षेपकाच्या वेळेच्या नियमांमुळे ती ‘मध्यरात्रीची’ मिस्सा कित्येक ठिकाणी संध्याकाळीच उरकते), त्यामुळे योहानाचे वाचन त्यांच्या कानावरून निसटते. सणाची गोष्ट कळते, सणाचा अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या बाकांपुढे वाचला जातो.

त्या वाचनात मधेच एक माणूस येतो, जरा अडखळायला लावणारा: बाप्तिस्मा करणारा योहान. विश्वाच्या आरंभाबद्दल बोलता बोलता शुभवर्तमानकार एकदम थांबतो आणि बजावतो की हा माणूस प्रकाश नव्हता, प्रकाशाविषयी साक्ष द्यायला आला होता. पुढे पाचव्या अध्यायात येशू याच माणसाला जळता दिवा म्हणतो. म्हणजे दिवा आणि प्रकाश या दोन वस्तू या ग्रंथात वेगळ्या आहेत. दिव्याचा मान मोठा आहे, पण मान दिव्याचाच.

स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवून घेण्याची येशूची घोषणाही कुठे होते, हे पाहण्यासारखे आहे. ती यरुशलेमच्या मंदिरात होते, मांडवांच्या सणाच्या संदर्भात. ज्यू परंपरेच्या मिश्ना या ग्रंथात त्या सणाचे वर्णन आहे: मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे प्रचंड दीपस्तंभ लावत, वाती याजकांच्या जुन्या वस्त्रांच्या करत, आणि त्यांचा उजेड शहराच्या अंगणाअंगणांत पोचे. अशा सणाच्या पार्श्वभूमीवर एक सुतार उभा राहून हे म्हणतो. लगेच पुढच्या अध्यायात तो जन्मांध माणसाला दृष्टी देतो, आणि ज्यांना उत्तम दिसते त्यांनाच काही दिसत नाही असा वाद पेटतो. योहानाच्या लेखी प्रकाश सुखद असेलच असे नाही. काही माणसांना तो नको असतो, कारण त्यात त्यांची कामे उघडी पडतात.

आता मेणबत्तीच्या भांडणाकडे वळतो. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या मनात दिवे लावण्याविषयी संशय होता. रोमन देवळांत, सणासुदीला दारोदारी दिवे लागत, आणि आपण त्यातले नाही हे त्यांना दाखवायचे होते. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टांशियस या लेखकाने खवचटपणे विचारले आहे की ज्याने सूर्य केला त्याला मेणबत्तीचा उजेड अर्पण करणारा माणूस शुद्धीवर आहे काय. पुढे शंभरेक वर्षांनी गॉल प्रांतातल्या विजिलांशियस नावाच्या धर्मगुरूने हाच मुद्दा पुन्हा काढला: हुतात्म्यांच्या अवशेषांपुढे भर दिवसा, सूर्य तळपत असताना, मेणबत्त्यांचे ढीग कशाला? त्याला उत्तर दिले संत जेरोमने, ४०६ साली, आणि ते उत्तर बेथलेहेमातून गेले. जेरोम तेव्हा तिथेच राहत होता, जन्मगुहेच्या अगदी शेजारी. जेरोम भांडणात कुणाला सोडत नसे. या पत्रकातही शिव्यांची कमतरता नाही. पण मधे तो एक शांत माहिती देतो. पूर्वेकडच्या सगळ्या चर्चांत शुभवर्तमान वाचायची वेळ झाली की ऊन पडलेले असतानाही दिवे लावतात. अंधार दूर करावा म्हणून लावत नाहीत, आनंदाची खूण म्हणून लावतात.

विजिलांशियसचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. देवाला उजेडाची गरज नाही, हे त्याचे बरोबरच होते. जेरोमही ते नाकारत नाही. त्याने फक्त दिव्याचे काम बदलून टाकले. ज्या दिव्याने काही दिसायचे नाही, तो का लावायचा? लावणाऱ्याला काहीतरी दिसले आहे म्हणून. योसेफ जी मेणबत्ती आडोसा करून जपतो आहे ती हीच.

एवढे ध्यानात घेतले की २५ डिसेंबर आणि सूर्य यांच्या वादातली हवा बरीच कमी होते. हा वाद दर वर्षी नव्याने रंगतो: नाताळ हा मुळात रोमन सूर्यदेवाचा सण, ख्रिस्ती लोकांनी तो पळवला. त्यामागे खरे दुवे आहेत. सम्राट ऑरेलियनने २७४ साली अजिंक्य सूर्याच्या पूजेला राजमान्यता दिली. ३५४ साली रोममध्ये तयार झालेल्या एका सचित्र पंचांगवजा ग्रंथात २५ डिसेंबरला ‘अजिंक्या’चा जन्मदिन नोंदला आहे, आणि त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या यादीत, जी ३३६ सालची मानली जाते, त्याच तारखेला बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म नोंदला आहे. दोन्ही नोंदी एकाच पुस्तकात. आधी कोण, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दुसरा पक्ष सांगतो की २५ मार्च ही गर्भधारणेची आणि मृत्यूचीही तारीख मानून त्यात नऊ महिने मिळवले आणि डिसेंबर आला. मला दोन्ही पक्षांपेक्षा पोप लिओची चिडचिड अधिक बोलकी वाटते. पाचव्या शतकाच्या मध्यावर नाताळच्याच एका प्रवचनात तो तक्रार करतो की काही ख्रिस्ती माणसे संत पीटरच्या मंदिराच्या पायऱ्या चढतात आणि दारात पोचल्यावर मागे वळून उगवत्या सूर्याला मान लववतात. आत शिरण्यापूर्वी हा एक नमस्कार. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एका बाप्तिस्म्याने जात नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने या सवयीला विरोध करण्याऐवजी तिला कामाला लावले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन २४ जूनचा, तिथून दिवस लहान होत जातो. ख्रिस्ताचा २५ डिसेंबरचा, तिथून दिवस मोठा होतो. त्याची वाढ व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा, असे योहानानेच म्हटले होते. ऋतुचक्राने जणू ते पाळले. आणि सूर्याला वंदन करायचे नसून ज्याने सूर्य घडवला त्याला करायचे, हेही ऑगस्टीन श्रोत्यांना बजावतो.

त्याच्या थोडे आधी कॅपाडोशियातल्या बेसिलला उत्पत्तीच्या पुस्तकातली एक जुनी अडचण सोडवायची होती. देवाने पहिल्या दिवशी प्रकाश केला आणि सूर्य केला चौथ्या दिवशी. मग तीन दिवस उजेड कुठून येत होता? बेसिल म्हणतो, आधी प्रकाशच घडला. सूर्य हे त्या प्रकाशाला वाहून नेणारे पात्र म्हणून नंतर आले. अग्नी वेगळा आणि दिवा वेगळा. विज्ञान म्हणून याची किंमत शून्य आहे, पण विचार म्हणून मला तो मोलाचा वाटतो. सूर्यसुद्धा दिवाच निघाला! मग नाताळ सूर्याच्या तारखेला येतो की नाही, याने फारसे बिघडत नाही.

उत्तर युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी थंडीच्या काळोखाला या सणात फार मोठी जागा दिली, आणि ते साहजिक आहे. स्टॉकहोमला डिसेंबरात जेमतेम सहा तासांचा दिवस असतो. आपण नाताळची जी चित्रे पाहतो ती तिथून आलेली. पण खुद्द बेथलेहेमात वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे दहा तासांचा, मुंबईत अकरा तासांचा. ऑस्ट्रेलियात तर नाताळ भर उन्हाळ्यात येतो. तिथल्या ख्रिस्ती माणसाचा प्रकाश काही कमी पडत नाही. ऋतूचा काळोख ही या सणाची सजावट आहे. त्याचा काळोख दुसरीकडे आहे. तिकडे जाण्याआधी निकाया येथे थोडे थांबावे लागेल.

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने आजच्या तुर्कस्तानातल्या निकाया गावी बिशपांची परिषद भरवली. प्रश्न असा होता: येशू देवाने निर्माण केलेला आहे की देवापासून आहे? एरियस नावाचा धर्मगुरू सांगत होता की पुत्र कितीही थोर असला तरी तो नव्हता असाही एक क्षण होता. परिषदेने उत्तर देताना प्रकाशाचा आधार घेतला: पुत्र पित्यापासून तसा आहे जसा प्रकाशापासून प्रकाश. एका ज्योतीवर दुसरी लावली तर पहिलीत काही उणे होत नाही, हे आपल्याकडे समईपाशी बसलेल्या पोरालाही माहीत असते. आणि सूर्य आधी व त्याचे तेज नंतर, असे कधी होत नाही. परिषदेला तरुणपणी हजर असलेल्या अथानेशियसने ही सूर्य आणि तेजाची जोडी आयुष्यभर लढवली. २०२५ साली त्या परिषदेला १,७०० वर्षे झाली. तिथला मतांगिकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, नंतरच्या भरीसह आजही रविवारी म्हटला जातो. एरवी त्यात ख्रिस्त मनुष्य झाल्याचे शब्द येतात तेव्हा कॅथलिक लोक मान लववतात. नाताळच्या दिवशी मात्र गुडघे टेकतात. प्रकाशापाशी उभे, माणूस होण्यापाशी गुडघ्यावर. सणाचे सगळे धर्मज्ञान या एका हालचालीत बसले आहे.

इथे मराठी वाचकाला बृहदारण्यकातली प्रार्थना आठवणारच: अंधारातून उजेडाकडे नेण्याची विनवणी, जी आपण शाळेपासून म्हणत आलो. ती आणि नाताळ यांची सरसकट बेरीज करायचा मोह मी टाळतो. त्या प्रार्थनेत माणूस निघाला आहे, त्याला पोचायचे आहे. नाताळच्या गोष्टीत प्रवास उलटा आहे. प्रकाश निघून अंधारात आला आहे आणि गव्हाणीत निजला आहे. दोन्हींत थोर काय ते ठरवायची गरज नाही, पण दिशा निराळ्या आहेत. तेच कंदिलांचे. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांतूनच दिवाळीचा आकाशकंदील होतो आणि नाताळचा ताराही. गोव्यात त्याला नखेत्र म्हणतात. आकाशदीपाची जुनी धारणा पितरांना वाट दिसावी अशी. नखेत्र रस्त्यावरच्या माणसाला सांगते की या घरात गोठा मांडला आहे.

हे दोन जगांचे सामान एकत्र वापरण्याचे धाडस मराठीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केले फादर थॉमस स्टीफन्सने. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि उरलेले आयुष्य, चाळीस वर्षे, इथेच राहिला. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणे ऐकण्याची सवय होती. ती सुटली, पण तिच्या जागी काही आले नव्हते. त्याने ओवीत ख्रिस्तपुराण रचले, १६१६ साली ते छापले, आणि देवनागरी टंक नसल्यामुळे रोमन लिपीत छापले. त्याच्या दुसऱ्या पुराणात येशूजन्म आहे. बेथलेहेमची रात्र ओवीच्या चालीवर ऐकताना ऐकणाऱ्याला ती परदेशातली वाटली नसेल, असे मला मनापासून वाटते. तीनशे वर्षांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तेच काम ‘ख्रिस्तायना’त हाती घेतले, अपुरे सोडले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

आता काळोखाकडे. नाताळच्या रात्री वाचला जाणारा यशयाचा उतारा अंधारात चालणाऱ्या लोकांविषयी बोलतो. हे लोक काल्पनिक नाहीत. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात अश्शूरच्या फौजांनी इस्राएलचा उत्तरेकडचा मुलूख, म्हणजे गालील, तुडवला. माणसे गुलाम करून नेली. यशयाचा अंधार हा लष्करी बुटांचा आणि रक्ताने भिजलेल्या कपड्यांचा आहे. मत्तयाने हाच उतारा घेतला आणि तो जन्मकथेत लावला नाही. येशू गालीलमध्ये कामाला लागला तिथे लावला. त्याच्या जन्मकथेत ताऱ्याच्या मागोमाग जे येते ते भयंकर आहे. ताऱ्यामागे निघालेले ज्ञानी लोक आधी यरुशलेमात हेरोद राजाच्या दरबारात जातात, नव्या राजाची चौकशी करतात, आणि त्या चौकशीतून बेथलेहेमातल्या दोन वर्षांखालच्या मुलांची कत्तल होते. चर्चने या मुलांचा दिवस २८ डिसेंबरला ठेवला आहे, नाताळनंतर अगदी तिसऱ्याच दिवशी. झाडावरचे दिवे तसेच लुकलुकत असतात.

बेथलेहेमच्या जन्मगुहेत जमिनीवर चौदा टोकांचा चांदीचा तारा बसवला आहे आणि त्याभोवती पंधरा दिवे टांगले आहेत: ग्रीक ऑर्थोडॉक्सांचे सहा, आर्मेनियनांचे पाच, कॅथलिकांचे चार. कुठली साफसफाई कोणी करायची यावरही इथे हमरीतुमरी झाली आहे. १८४७ साली तो तारा चोरीला गेला, त्यावरून रशिया, फ्रान्स आणि तुर्की सुलतान यांच्यात आधीच धुमसणारा वाद भडकला, आणि क्रिमियन युद्धाच्या कारणांत त्या वादाची गणना होते. आणि २०२३ साली, गाझात युद्ध चालू असताना, बेथलेहेमने आपली रोषणाई रद्द केली. चौकात झाड उभे राहिले नाही. तिथल्या ल्यूथरन चर्चने गव्हाणीऐवजी दगडामातीचा ढिगारा रचला आणि त्यात बाळ ठेवले. प्रार्थना नेहमीप्रमाणे झाल्या. दिवे नसलेला तो नाताळ अपुरा होता, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बेथलेहेमातली एक जुनी रात्र सांगायची राहिली. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची स्त्री युरोपच्या पश्चिम टोकाकडून पवित्र भूमीच्या यात्रेला गेली आणि मैत्रिणींसाठी तिने पाहिलेले सगळे लिहून ठेवले. यरुशलेमात तेव्हा येशूजन्म ६ जानेवारीला पाळत. आदल्या रात्री बिशपसह सगळे बेथलेहेमात जागरण करत आणि मग रातोरात पायी यरुशलेमला परतत, आठ-नऊ किलोमीटर. चालणाऱ्यांच्या गतीने जावे लागे म्हणून मिरवणूक हळू चाले. ती शहरात कधी पोचे, हे एजेरिया घटका-प्रहरांत सांगत नाही; ती म्हणते की एका माणसाला दुसरा ओळखू येऊ लागतो त्या सुमारास. प्रकाशाची इतकी नेमकी व्याख्या मला धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत सापडली नाही, आणि बिचारीला व्याख्या करायचीही नव्हती.

या व्याख्येला साजेसा दिवा हॅम्बुर्गमध्ये पेटला. योहान हिन्रिख विखर्न या ल्यूथरन धर्मशास्त्रज्ञाने १८३३ साली तिथे गरीब, रस्त्यावर आलेल्या मुलांसाठी आश्रम काढला. नाताळ कधी, नाताळ कधी, हा मुलांचा रोजचा प्रश्न. १८३९ साली त्याने गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या: नाताळपूर्वीच्या आगमनकाळातल्या चार रविवारांसाठी चार मोठ्या, इतर दिवसांसाठी लहान. रोज एक पेटे. आज आपल्याकडच्या चर्चमध्येही आगमनकाळात चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे मांडतात. ते या चाकाचे वंशज. त्या पोरांना अंधारात वस्तू शोधायच्या नव्हत्या. किती दिवस उरले आणि आपण किती जण वाट पाहतो आहोत, हे त्यांना दिसत होते. विजेचे दिवे त्यानंतर फार उशिरा आले: १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरच्या झाडावर ऐंशी रंगीत बल्ब लावले. आजची सगळी झगमग त्या झाडाची. तिच्याशी माझे भांडण नाही. फक्त बटण दाबून एकदम पेटणाऱ्या माळेला वाट पाहता येत नाही.

नाताळच्या दिव्यांचा शेवटचा दिवस जुन्या प्रथेप्रमाणे २ फेब्रुवारी. जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी बाळाला मंदिरात नेले, त्याचा हा सण. चर्चमध्ये या दिवशी वर्षभराच्या मेणबत्त्या आशीर्वादित होतात. पोलंडसारख्या देशांत त्या घरी जपून ठेवतात आणि वादळात किंवा कुणी मरणाला टेकले असताना लावतात. मंदिरात शिमोन नावाचा म्हातारा बाळाला हातात घेतो आणि म्हणतो की सर्व राष्ट्रांसाठीचा प्रकाश मी पाहिला, आता मला जायला हरकत नाही. कॅथलिक चर्च त्याची ही प्रार्थना रोज झोपण्यापूर्वीच्या उपासनेत म्हणते. मात्र शिमोनाचे बोलणे तिथे थांबत नाही. तो मरियेकडे वळतो आणि तिला सांगतो की या मुलावरून पुष्कळ जण पडतील, पुष्कळ जण उठतील, आणि तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल. बायबलमध्ये प्रकाश आणि तलवार यांत मोजक्याच ओळींचे अंतर आहे, आणि पुढील पानांतले लेखक त्या मोजक्या ओळींतच बहुतेक वेळ रेंगाळले आहेत.